पोराचं कार्ड आणि बापाचा सातबारा

पोट्ट्यानं क्रेडिट कार्डावर मोबाईल घेतला, बिल थकलं, आता बँक बापाच्या सातबाऱ्यावर बोजा चढवेल का? कार्ड पोराच्या एकट्याच्या सहीनं निघालं असेल, तर नाही. कार्डाची उधारी बिनतारणी असते, तिच्यामागे वावर नसतं. बापानं जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी.

आधी वयाचं. १८७२ च्या करार कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या अज्ञान मुलाला करार करता येत नाही. असा करार मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सर्वोच्च न्यायालय) १९०३ मध्ये मोहोरी बीबी खटल्यात ठरवलं. दहा वर्षांवरच्या मुलाला बँक बचत खातं आणि एटीएम कार्ड देऊ शकते, पण शिल्लक असेल तेवढेच पैसे त्यातून निघतात. अज्ञानपणीच्या उधारीसाठी १८ पूर्ण झाल्यावर कोणी "आता लिहून दे" म्हणून मागे लागलं, तरी तो जुना करार पक्का होत नाही. अठरानंतर कायद्याची आडकाठी संपते. तरी मुख्य कार्डासाठी बऱ्याच बँका २१ वय आणि स्वतःची कमाई बघतात. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानंच २१ खालच्यांना स्वतःची कमाई किंवा सहकर्जदार लागतो. आपल्याकडे हे बँकेच्या धोरणावर आहे.

बाप अडकतो तो दुसऱ्याच वाटांनी. ॲड-ऑन कार्ड, म्हणजे बापाच्या कार्डावरच काढलेलं जोडकार्ड, पोराच्या नावाचं दिसतं, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार त्याची देणेदारी मुख्य कार्डधारकाची, म्हणजे बापाची. द्यायचंच असेल तर त्या कार्डाची मर्यादा आधीच कमी करून घ्यावी. एफडी तारण ठेवून काढलेलं कार्ड थकलं तर बँक एफडी मोडून वळती करते. पैसे बापानं भरले होते हे तिथं कोणी विचारत नाही. आणि सगळ्यात वाईट वाट सिमची. बापाच्या आधारला जोडलेलं सिम पोराच्या मोबाईलात, ओटीपी तिथंच येतो, आणि ॲपवरचं कर्ज बापाच्या नावावर चढतं. मग "मी घेतलंच नाही" हे सिद्ध करणं महाकठीण. ते सिम आधी बापाच्या हातातल्या साध्या फोनमध्ये टाका.

कार्ड शेतीच्या घराला झेपत नाही, कारण बिल दर महिन्याला येतं आणि कापसाचा पैसा दिवाळीनंतर. मधल्या काळात "किमान रक्कम" भरून वेळ मारली जाते. ३०,००० थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के धरा. व्याज १,०५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १८९. किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे १,५०० भरले, तर मुद्दलातून सुटतात फक्त २६१ रुपये! शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. तिकडे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं, तर राज्य सरकारच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येतं. पीककर्जाच्या किसान क्रेडिट कार्डाच्या नावात क्रेडिट कार्ड आहे म्हणून दोन्ही एकच समजू नका.

वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, घरच्यांना धमकावता तर मुळीच येत नाही. कार्ड थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस उचलून नेत नाहीत. तक्रार आधी बँकेकडे लेखी द्यावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. चौकशीचा नंबर १४४४८.

बाकी पूर्ण भरल्यावर कार्ड बंद करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, नाहीतर वार्षिक फी चढत राहू शकते. अर्जानंतर बँकेला सात कामाचे दिवस. पुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिनं तुम्हाला द्यायचे. ॲड-ऑनची थकबाकी बापाच्याच सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर बसते, म्हणून बाकी नसल्याचं पत्र घेऊन ठेवा. मार्चमध्ये पीककर्जाचं नवं-जुनं करायला जाताना ते खिशात असू द्या.