विस्तवाविना थर

वैशाखातल्या एका दुपारी पुण्याहून भाचीचा फोन आला की ती चार दिवसांसाठी म्हापशाला येत आहे, आणि बोलता बोलता तिने हेही सांगितले की गेले काही महिने ती केवळ वनस्पतिजन्य आणि तेही न शिजवलेले अन्न खाते. दूध, दही, तूप आणि मध तिने पूर्वीच सोडले होते. आता विस्तवही सोडला होता. माझ्या मनात आलेला पहिला विचार फारसा शोभणारा नव्हता, तरी तो कबूल करते: चार दिवस गॅस पेटवायचा नाही, म्हणजे पाहुणी किती सोयीची! मे महिन्यात गोव्यातल्या स्वयंपाकघरात तासभर उभे राहिलेले कोणीही मला या विचाराबद्दल नावे ठेवणार नाही.

कोशिंबिरींवर सहज भागवता आले असते. परंतु लांबून आलेल्या मुलीसमोर चार दिवस चिरलेली काकडी ठेवणे पाहुणचाराला धरून झाले नसते. हणजूण-हरमलच्या बाजूला परदेशी पर्यटकांसाठी चालणाऱ्या एका उपाहारगृहात मी पूर्वी न शिजवलेला लझानिया खाल्ला होता, तो आठवला. मूळ इटालियन पदार्थात मैद्याच्या पातळ चौकोनी पट्ट्या, खिम्याचा रस्सा, दुधाचा दाट सॉस आणि चीज यांचे थर लावून सगळे भट्टीत भाजतात. कच्च्या अवतारात पट्ट्यांच्या जागी काकडीसारख्या दिसणाऱ्या झुकिनीचे पातळ काप येतात, चीजच्या जागी भिजवलेल्या काजूंचे वाटण, रश्श्याच्या जागी वाळवलेल्या टोमॅटोची चटणी आणि मध्ये एक हिरवा, सुगंधी थर. ताटलीत उभा राहिलेला तो पांढरा, तांबडा, हिरवा तुकडा इतका देखणा होता की चमचा लावताना मला जरा संकोच वाटला होता.

थरांचे कौतुक गोव्याच्या माणसाला नवे नाही. बेबिंका आमच्याकडे नाताळातच काय, आता बाराही महिने मिळते आणि २०२३ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. अंड्यांचा बलक, नारळाचा रस, साखर, थोडा मैदा आणि तूप यांचे पातळ मिश्रण भांड्यात ओतायचे, वरून निखाऱ्यांची धग देऊन तेवढाच थर शिजवायचा, त्यावर तूप सोडून पुढचा थर ओतायचा, असे सात वेळा, आणि हौस दांडगी असेल तर सोळा वेळा. प्रत्येक थर पुढचा येण्याआधी पक्का झालेला असतो, म्हणून तो आपली जागा सोडत नाही. बेबिंकेचे थर विस्तव सांभाळतो, ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षातच आली नव्हती. ज्या पदार्थाला विस्तवच लागायचा नाही, त्याचे थर कोण सांभाळणार, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

न शिजवलेले म्हणजे नक्की काय, याचाही एक आकडा आहे. न शिजवलेले खाणारी ही मंडळी साधारण ४२ ते ४८ अंश सेल्सिअसपर्यंतची ऊब चालवून घेतात. त्यापुढे अन्न ‘शिजले’ असे समजतात. त्या उष्णतेने अन्नातली विकरे, म्हणजे एन्झाइम्स, नष्ट होतात, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. शिजवल्याने विकरे नष्ट होतात हे खरे, पण ती तशीच पोटात गेली तरी जठरातले आम्ल त्यांची बहुतेक तीच गत करते, त्यामुळे या कारणापुढे मी मान तुकवत नाही. कच्च्या भाज्यांतले ‘क’ जीवनसत्त्व अधिक टिकते हे मात्र मान्य, आणि टोमॅटोतले लायकोपीन शिजवल्यावर अंगी अधिक लागते हेही तितकेच मान्य. भाचीला हे सारे ठाऊक होते. बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी ती न चुकता घेत होती, म्हणून मी वाद वाढवला नाही.

टोमॅटो वाळवणे हे काम मला सर्वांत सोपे वाटले, कारण मे महिना हा आमच्याकडे वाळवणाचाच. पावसाळ्याची बेगमी करायची, तिला गोव्यात पुरुमेंत म्हणतात, आणि त्या दिवसांत गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. सासूबाईंची कोकमाची सोलां एका कोपऱ्यात रस पिऊन काळी पडत होती, शेजारी मिरच्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये मी बिया काढून, मीठ लावून अर्धे केलेले दोन किलो टोमॅटो मांडले. दोन दिवसांनी ते एका मध्यम वाडग्यात मावले. काही टोमॅटो मी मागच्या पडवीच्या पत्र्यावर ठेवले होते, आणि मेमधला तो पत्रा हाताला चटका देतो, तेव्हा ४८ अंशांची मर्यादा तिथे पाळली गेली असेल याची हमी मी देणार नाही. तो वाडगा मी निराळा ठेवला आणि त्याबद्दल मौन पाळले.

खरा घोटाळा काजूंनी केला. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आणलेले हे झाड आता गोव्याच्या डोंगरांवर असे रुजले आहे की आम्हाला ते आमच्याच मातीतले वाटते. बाजारात ‘कच्चे काजू’ म्हणून पांढरे गर मिळतात, तेच मी आणले, आणि वाटायचेच तर अख्ख्या काजूला जास्त पैसे कशाला द्यायचे म्हणून तुकडा काजू घेतला. पण काजूच्या बीच्या टरफलात कातडी भाजून काढणारे तेल असते. बिब्ब्याचा चीक ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. काजू, बिब्बा आणि आंबा ही तिन्ही झाडे एकाच कुळातली. म्हणून कारखान्यात बिया आधी वाफवतात, मगच त्या फोडतात, आणि पूर्वी घरोघरी त्या विस्तवावर भाजून फोडत, तेव्हाचा तो काळा, डोळ्यांत जाणारा धूर मला अजून आठवतो. सारांश, दुकानातला कच्चा काजू वाफेतून निघालेला असतो. हा शोध मी मोठ्या विजयाने भाचीला ऐकवला. ती शांतपणे म्हणाली, “माहीत आहे गं मावशी. काजू सोडला तर मग मी खाऊ तरी काय?” व्रत करणाऱ्या माणसाला पळवाटाही तोंडपाठ असतात, हे आमच्या एकादशीच्या साबुदाण्यावरून मी आधीच ओळखायला हवे होते.

झुकिनी शुक्रवारच्या बाजारात मिळाली. आमच्याकडे येणारी बरीचशी भाजी बेळगावहून येते, तशी तीही आली असावी. भाजीवाल्या बाईने तराजूत टाकता टाकता विचारले, “हें कशें रांदतात गो बाय?” रांधत नाहीत, तशीच खातात, असे मी सांगितल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात करुणाच अधिक होती. झुकिनी नसेल तर कोवळा दुधी किंवा काकडीही चालते, मात्र यांपैकी काहीही कच्चे खायचे तर आधी एक चकती चाखून पाहावी आणि कडू लागल्यास अख्खे फळ टाकून द्यावे. त्या कडूपणात विष असते आणि ते साखर-लिंबाने झाकले म्हणून जात नाही.

हिरव्या थरासाठी इटालियन तुळस हवी होती. सासूबाईंची नजर लगेच अंगणातल्या वृंदावनाकडे गेली आणि चेहरा कठोर झाला. त्यांची समजूत घालायला वेळ लागला, पण घालण्यासारखे उत्तर हाताशी होते: फालुद्यात जो सब्जा घालतात, तो ज्या झाडाचा, ती आणि इटालियन तुळस जातीने एकच, वृंदावनातली तुळस वेगळ्या जातीची. परसात सब्जाचे झुडूप होते. त्याची पाने इटालियन पानांपेक्षा बडीशेपेकडे अधिक झुकतात, पण लसूण, काजू आणि तेल यांच्यासोबत वाटल्यावर तो फरक माझ्या जिभेला तरी जाणवला नाही.

आणि मग पहिला प्रयत्न फसला. झुकिनीचे पातळ काप केले, पाच-सहा तास भिजलेले काजू लिंबू आणि मीठ घालून गंधासारखे वाटले, टोमॅटोच्या चटणीत लसूण आणि गोडीला एक खजूर घातला, स्टीलच्या चौकोनी डब्यात केळीचे पान अंथरून थर लावले आणि अर्ध्या तासाने मोठ्या उत्सुकतेने डबा ताटात उलटा केला. थरांनी एकमेकांची ओळखच सोडून दिली. झुकिनीतून सुटलेले पाणी तळाला साचले होते, त्यावर काजूचे वाटण पांढऱ्या ढगांसारखे तरंगत होते, आणि ज्या पदार्थाला चमचा लावताना संकोच वाटावा तो वाडग्यातून प्यावा लागला. चवीला वाईट नव्हता, हे भाचीचे म्हणणे. ती चांगल्या घरची मुलगी आहे.

तेव्हा कुठे मला बेबिंकेची गोष्ट उमगली. विस्तव केवळ शिजवत नाही. तो पाणी आटवतो, कडक ते मऊ करतो, सैल ते बांधून ठेवतो आणि हे सगळे आपण दुसरे काही करत असताना, आपल्याला न विचारता, अर्ध्या तासात उरकतो. मी विस्तवाला रजा दिली होती, पण त्याची कामे कोणाच्याच अंगावर टाकली नव्हती. दुसऱ्या खेपेस ती मी वाटून दिली. कापांना मीठ लावून वीस मिनिटे चाळणीत ठेवले, मग स्वच्छ पंचात गुंडाळून त्यावर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवला. मिठाने पाणी ओढून घेतले आणि काप कातडीसारखे लवचीक झाले. टोमॅटो आटवण्याचे काम उन्हाने आधीच केले होते, फक्त ते भिजवताना मी पाण्याचा हात आखडला. काजूच्या वाटणात दोन चमचे खाण्याचे खोबरेल घातले. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते; गोव्याच्या मेमध्ये ते बाटलीत पाण्यासारखे असते, पण फ्रीजमध्ये दोन तासांत लोण्यासारखे घट्ट होते आणि स्वतःबरोबर काजूलाही धरून ठेवते. विस्तवाने जे बांधायचे ते गारव्याने बांधले.

हिशेब केला तर दोन दिवसांचे ऊन, पाच-सहा तासांचे भिजवणे, तासभर वाटणे आणि पिळणे, दोन तासांचा गारवा, एवढे सगळे पाच माणसांच्या एका जेवणासाठी लागले. त्याऐवजी मी आमटी, भात, दोन भाज्या केल्या असत्या तर सव्वा तासात ओटा पुसून मोकळी झाले असते. आपल्या भाषेत कच्चे म्हणजे अपुरे राहिलेले: कच्चा मसुदा, कच्चा रस्ता, खेळातला कच्चा लिंबू. या पदार्थाला कच्चा म्हणताना माझी जीभ आता अडखळते.

दुसऱ्या खेपेचा डबा उलटला तेव्हा सगळे थर जागच्या जागी होते. धारदार सुरीने कापल्यावर कडा सरळ निघाल्या. वर सब्जाचे एक पान ठेवले आणि ताट टेबलावर नेले. पहिल्या घासाला थंडपणा लागतो, मग काजूचा गुळगुळीतपणा, मग उन्हाने गोड झालेल्या टोमॅटोची आंबट-खारट तार, आणि झुकिनी दाताखाली किंचित करकरते. आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाने दोन तुकडे खाऊन, “आता जेवायला काय आहे?” असे विचारले. सासूबाईंनी एक तुकडा बशीत घेऊन सर्व बाजूंनी पाहिला, थोडासा खाल्ला आणि एवढेच म्हणाल्या, “बरे आहे. फोडणी हवी होती.”

सासूबाईंचे माहेर रत्नागिरीचे. चैत्र सरला असला तरी झाडावर कैऱ्या होत्या, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आंब्याची डाळ करायला बसल्या. रात्री भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटली, तिच्यात किसलेली कैरी, ओले खोबरे, मिरची, मीठ आणि चिमूटभर साखर कालवली. मी मोहरी-हिंगाची कढली गॅसवर ठेवली तेव्हा सासूबाई परातीवर हात आडवा धरून म्हणाल्या, “थांब जरा.” आणि फोडणी पडण्याआधी त्यांनी एक वाटी डाळ बाजूला काढली, तिच्यावर झाकण ठेवले आणि भाचीला हाक मारली.