क्रेडिट कार्ड बंद करताना दमवलं, पण केलंच

डोक्यातला राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

गेल्या वर्षी सासूबाईंना अ‍ॅडमिट करावं लागलं. विमा होता, पण कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट भरायला लागलं आणि ते आम्ही नणंदेकडून उसने घेतले. दोघं कमावते असून ही वेळ आली, हे मला फार लागलं. घरी आल्यावर ठरवलं, सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम बाजूला ठेवायचीच. त्यासाठी आधी वायफळ खर्च थांबवायचा. शॉपिंगची ॲप काढून टाकली, सेलचे मेसेज बंद केले. राहिलं ते क्रेडिट कार्ड, आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

कस्टमर केअरला फोन केला, तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, वार्षिक फी माफ करून देतो, लिमिट वाढवून देतो." नको म्हटल्यावर, "सिबिल पडेल हं तुमचं." (सिबिल म्हणजे कर्जं-बिलं कशी फेडतो यावरून मिळणारा स्कोअर.) शेवटी रिक्वेस्ट घेतली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या इच्छेनुसार कार्ड सुरू ठेवण्यात आले आहे.' कोणाच्या इच्छेनुसार? पुन्हा फोन केला, तर शाखेत लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्धा दिवस रजा टाकून शाखेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "कार्डाचं काम आमच्याकडे नसतं, कस्टमर केअरलाच सांगा." मधल्या काळात उरल्यासुरल्या व्याजाचे काही रुपये बिलात निघाले आणि 'थकबाकी आहे' म्हणून विनंतीच रद्द झाली. ते भरले, परत पहिल्यापासून सुरुवात. दर वेळी नवा माणूस, दर वेळी तीच ऑफर, आणि दर वेळी मी का बंद करतेय याची चौकशी. माझं कार्ड मी का बंद करतेय, हे मी कोणाला का सांगू?

मग रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे कार्डांबद्दलचे निर्देश वाचून काढले. थकबाकी नसेल तर विनंती केल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावंच लागतं. उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दर दिवसाला ५०० रुपये द्यायचे. पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रहही धरता येत नाही. हेल्पलाइन, ईमेल, ॲप हे मार्ग बँकेने द्यायलाच हवेत. हे सगळं चार ओळींत लिहून, आधीच्या विनंत्यांचे क्रमांक जोडून, बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, मेल केला. त्यानंतर मात्र आवाज बदलले. कार्ड बंद झालं आणि तसं पत्रही आलं. त्या दिवशी मला पगारवाढ झाल्यासारखा आनंद झाला!

तुम्ही करणार असाल तर फोनवर विसंबू नका, पहिल्या दिवसापासून मेलच करा. त्याआधी विम्याचा हप्ता, वीजबिल वगैरे जे आपोआप कार्डावरून जातं ते दुसरीकडे वळवा, रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका. ईएमआय चालू असेल तर तो आधी फेडावा लागतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. सिबिलची भीती अगदीच खोटी नाही, स्कोअर थोडा हलू शकतो. गृहकर्ज काढायच्या तोंडावर असाल तर तेवढं थांबा.

साठवण्याचं काम त्यामानाने सोपं निघालं. वेगळ्या बँकेत खातं उघडलं, त्याला यूपीआय जोडलं नाही, आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी रक्कम तिकडे जाते. थोडी रक्कम जमली की तिची एफडी करते; अडचणीला मोडता येते, फार तर थोडं व्याज कमी मिळतं. पोस्टाची आरडी चांगली, पण ती ५ वर्षांची, आणि ३ वर्षांआधी मोडता येत नाही. भिशी मलाही आवडते, पण आजारपण काही आपला नंबर लागायची वाट बघत नाही. पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून भावाने सुचवलं होतं, मी ऐकलं नाही. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं.

आणि हो, कार्ड बंद झाल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्येही (आपल्या कर्ज-कार्डांचा तपशील असतो तो) झाली का ते बघा. सिबिलसारख्या, क्रेडिटची माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

आता चार महिन्यांच्या खर्चाची सोय झाली आहे. नणंदेचे पैसे त्याआधीच फेडले. मध्ये त्याच बँकेतून नव्या कार्डासाठी फोन यायला लागले, तेव्हा १९०९ वर 'स्टार्ट ०' असा इंग्रजीत मेसेज करून डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन-मेसेज बंद करण्याची सोय, लावून घेतली.