बामणोली ते वासोटा: बोट आपली, दिवस आपला

वासोटा हा कोयना धरणाच्या जलाशयापलीकडे, जंगलातला डोंगरी किल्ला. अलीकडच्या काठावरच्या बामणोली गावातून बोटीने पाणी ओलांडून तिथे जातात. पहिल्या खेपेला तो आम्ही खालूनच पाहून परत आलो. साताऱ्यातून नाश्ता करून निवांत निघालो, कासला थांबून फोटो काढले आणि बामणोलीत पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. त्यात रविवार. फॉरेस्टच्या ऑफिसपुढे रांग लागलेली. पैसे वाचवायला दुसऱ्या एका ग्रुपबरोबर बोट वाटून घेतली होती, त्यांची दोन माणसं यायची राहिली होती. पलीकडच्या काठाला लागलो तेव्हा एक वाजला होता. अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही, अंधाराच्या आत बोटीत बसावंच लागतं. जंगलातल्या अर्ध्या वाटेवर मेहुण्याने घड्याळ दाखवलं आणि आम्ही माघारी वळलो. मुलं रडवेली झाली होती.

म्हणून जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी बुधवार धरला. सहा मोठे, दोन मुलं, आणि अख्खी बोट फक्त आमची.

साताऱ्याहून पहाटे साडेपाचला निघालो. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावरून रस्ता पुढे बामणोलीकडे उतरतो. अंतर चाळीस किलोमीटरच्या आतबाहेर असलं तरी अंधारात सव्वा-दीड तास सहज जातो. गाडी हळू चालवा, पठारावर गवे रस्त्यात येतात. आम्हाला एक दिसला, दिवे मंद करून तो उतरून जाईपर्यंत थांबलो. पेट्रोल साताऱ्यातच भरा आणि रोख पैसे जवळ ठेवा. खाली मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे फोनवरून पैसे देऊ या भरवशावर राहू नका.

बामणोलीत दोन कामं असतात. एक, वनखात्याची परवानगी. सगळ्यांची नावं लिहून द्यावी लागतात, ओळखपत्र लागतं, माणशी प्रवेश शुल्क भरावं लागतं. दुसरं, बोट. भाडं माणशी नसतं, बोटीमागे असतं आणि ठिकाणाप्रमाणे बदलतं. दर वरचेवर बदलतात म्हणून इथे आकडा देत नाही. तिथल्या फलकावर वाचा आणि एक गोष्ट आवर्जून विचारा: आपण गड चढून येईपर्यंत बोट किती तास थांबणार, आणि उशीर झाला तर काय. दोघं-तिघंच असाल तर दुसऱ्यांबरोबर बोट वाटून घेणं खिशाला बरं पडतं. पण मग दिवस त्यांच्याही चालीने जातो. सहा-आठ जण असाल तर अख्खी बोटच घ्या. वासोट्याला खरा तुटवडा वेळेचाच असतो.

हिशोब संध्याकाळकडून मागे करत या. बोटीने जायला साधारण दीड तास आणि यायला तेवढाच. तपासणीला अर्धा तास, चढायला दोन, माथ्यावर एक, उतरायला दीड. झाले आठ तास. मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर त्यात आणखी तासभर घाला. म्हणजे आठच्या सुमारास बोट सुटलीच पाहिजे. आमची सव्वाआठला सुटली.

या पाण्याविषयी थोडं सांगायला हवं, कारण सगळा प्रवास त्याच्यावरच अवलंबून आहे. हा कोयना धरणाचा शिवसागर जलाशय. भरला की १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर पाणी. पावसाळ्यानंतर काठोकाठ असतो तेव्हा लहान टेकड्यांची बेटं होतात आणि बोट पार झाडीपाशी लागते. पुढे हेच पाणी बोगद्यांमधून सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात सोडून १९२० मेगावॅट वीज करतात, त्यामुळे पातळी महिन्यामहिन्याने खाली जाते. एप्रिल-मेमध्ये बोट लांबच थांबते आणि भेगाळलेल्या, मध्येच चिखल असलेल्या उघड्या तळावरून भर उन्हात चालत जावं लागतं. तेव्हा शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. पाऊस सरल्या सरल्या गेलात तर जळवा असतात, पायमोजे गुडघ्यापर्यंतचे घाला.

माझा भाचा गेल्या वर्षी ग्रीसला गेला होता. तिथे त्याने बोट भाड्याने घेऊन दिवसभर स्वतः चालवली. ३० अश्वशक्तीपर्यंतच्या बोटीला तिथे परवाना लागत नाही. या वेळी तो आमच्याबरोबर होता. बामणोलीहून निघाल्यावर दहाच मिनिटांत त्याने आमच्या बोटवाल्या मामांना विचारलं, "मामा, थोडा वेळ मी चालवू?" मामांनी नाही म्हटलं नाही की हो म्हटलं नाही. इंजिन बारीक केलं आणि बोट डावीकडे घेतली. पाण्याच्या वर वीतभर आलेलं एक काळं खोड दाखवलं. म्हणाले, "हे दिसतंय म्हणून बरं. न दिसणारी किती आहेत ते मला ठाऊक आहे. खाली आमची शेतं होती."

भाच्याने पुन्हा विचारलं नाही. इथे बोट नावाड्यासकटच मिळते आणि तेच योग्य आहे. समुद्रातल्या खडकांचे नकाशे असतात. इथे जुन्या बांधांच्या, झाडांच्या, घरांच्या चौथऱ्यांच्या वरून बोट जाते आणि पाणी उतरलं की कालची मोकळी वाट आज धोक्याची होते. धरणात गावं गेली, त्या लोकांचं पुनर्वसन सांगली, सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत झालं. जे काठावर वर सरकून राहिले त्यांच्यातलेच कितीतरी आज बोटी चालवतात. मामांना कुठे कोणाचं घर होतं ते सांगता येतं. विचारलंत तर सांगतात. आमच्या मुलांनी विचारलं, आणि परतताना तेच बोलत होती.

लाइफ जॅकेट बोटीत असतात. ते अंगात घालून बंद बांधा, मांडीवर ठेवू नका. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट सुटायच्या आधीच मागून घ्या, आम्हाला एक बदलून घ्यावं लागलं. सकाळी पाणी काचेसारखं असतं, दुपारनंतर वारा सुटतो आणि बोट हलते. सामान मध्ये ठेवा, फोटोसाठी सगळे एका बाजूला जाऊ नका. आणि वाटेतलं एखादं सुंदर बेट किंवा काठ पाहून "इथे उतरवा" असा हट्ट धरू नका. पश्चिमेचा काठ कोयना अभयारण्याचा, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा आहे. नेमून दिलेल्या जागेशिवाय उतरता येत नाही.

शेवटी मोठं पाणी सोडून बोट दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या फाट्यात शिरते आणि गडाच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला लागते. इथे नाक्यावर पिशव्या उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत रक्कम घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की ती परत मिळते. आम्ही स्टीलच्या बाटल्या आणि डब्यांत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कंदी पेढे नेले होते, पाच मिनिटांत मोकळे झालो. माणशी दोन लिटर पाणी हवंच.

वाट ठळक आहे. सुरुवातीला ओढा आणि मारुती, मग दाट झाडी. भर दुपारीही सावली, म्हणून चढ जाणवतो तो दमाने, उन्हाने नाही. पुढे एक फाटा नागेश्वरच्या गुहेकडे जातो, तिथे वासोट्याची वाट धरा. शेवटच्या टप्प्यात झाडी संपते, पायऱ्या लागतात आणि ऊन एकदम अंगावर येतं. टोप्या तिथपर्यंत पिशवीत राहिल्या तरी चालतात. गप्पा हळू मारा. अस्वल आणि गव्यांचं हे रान आहे.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, वाड्याचे अवशेष. वेळ कमी असेल तर बाकी सोडा आणि बाबूकड्यावर जा. समोर जुना वासोटा नावाचा डोंगर उभा आहे आणि मध्ये दरी इतकी खोल की मुलांना हाताला धरून मागे बसवलं. १८१८ साली इंग्रजांनी त्याच जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा गड घेतला. त्याआधी गड ताब्यात असलेल्या ताई तेलिणीने इथूनच पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याशी झुंज दिली होती. कड्यावर बसून पाहिलं की तो डोंगर हाताच्या अंतरावर वाटतो, गडाचा निकाल तोफांनी का लागला ते सांगावं लागत नाही.

साडेतीनला काठावर परतलो. येताना भर पाण्यात इंजिन गुरगुरून बंद पडलं. पंख्यात तुटक्या जाळ्याचा तुकडा अडकला होता. मामांनी वीस मिनिटं वाकून तो कापून काढला. तेवढा वेळ बोट वाऱ्याबरोबर आडवी सरकत होती आणि धाकटी माझ्या वहिनीला बिलगून बसली होती. पाच-सव्वापाचला सुटलो असतो तर हीच वीस मिनिटं अंधारात काढावी लागली असती.

जेवणाचं सकाळीच, बोटीत बसायच्या आधी, बामणोलीत सांगून ठेवा. आम्ही पिठलं-भाकरी आणि मुलांसाठी भात सांगितला होता, परतल्यावर पानं वाढूनच तयार होती. आणि नागेश्वरची गुहाही त्याच दिवशी करायची असेल तर ठरलेल्या वेळेत ते बसवणं अवघड आहे. मुलं बरोबर असतील तर नकोच. नुसत्या मोठ्यांनी, आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम करून, पहिल्या बोटीने निघावं, आणि बोटवाल्याला तसं आधीच सांगावं.