डिफेन्सची नोकरी, व्हिसा आणि आपली तत्त्वं

इथे अमेरिकेत आपल्या इंजिनिअर लोकांच्या गप्पांत अधूनमधून हा विषय निघतोच, की शस्त्रं बनवणाऱ्या कंपनीत काम करशील का. बहुतेक जण छातीठोकपणे नाही म्हणतात. अरे पण तुला देतंय कोण! इटार म्हणून एक नियम आहे, त्यात शस्त्रास्त्रांची टेक्निकल माहिती परदेशी माणसाला लायसन्सशिवाय दाखवताच येत नाही, त्यामुळे एच-वन-बी व्हिसावाल्याचा रेझ्युमे सहसा पहिल्याच चाळणीत गळतो. ग्रीन कार्ड आलं की ती अडचण जाते, पण सिक्युरिटी क्लिअरन्सला, म्हणजे गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीला, सिटिझनशिपच लागते. म्हणजे पहिली कित्येक वर्षं आपली तत्त्वं इथला कायदाच सांभाळत असतो :)

खरी गोची वेगळीच आहे. आपण असतो क्लाउड, चिप, कॅमेरा, मॅपवाल्या कंपन्यांत, आणि माल कोणाला विकायचा हे काही आपल्याला विचारून ठरत नाही. २०१८ चं गूगलचं प्रोजेक्ट मेवन आठवतंय का, ड्रोनच्या व्हिडिओत काय दिसतंय ते एआयने ओळखायचं पेंटागॉनचं काम? तिथल्या हजारो कर्मचाऱ्यांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या, काहींनी राजीनामे दिले आणि कंपनीने काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. लोक हे जिंकल्यासारखं सांगतात, पण काम काही बंद पडलं नाही, दुसऱ्यांनी घेतलं, आणि २०२५ मध्ये खुद्द गूगलने शस्त्रांसाठी एआय वापरणार नाही हे वचनच काढून टाकलं.

शिवाय त्या पत्रावर सही करायची तर व्हिसावाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण नोकरी गेली तर हातात असतात फार तर ६० दिवस, त्यात दुसरी शोधा नाहीतर सामान बांधा. २०२४ मध्ये इस्रायल सरकारच्या क्लाउड काँट्रॅक्टविरुद्ध ऑफिसात ठिय्या दिलेल्यांना गूगलने काढलंच होतं.

अशा वेळी मला जोसेफ रोटब्लाट आठवतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश टीमबरोबर अमेरिकेच्या अणुबॉम्बच्या कामावर असलेला पोलिश माणूस, ब्रिटिश नागरिकत्व तेव्हा नव्हतं. १९४४ च्या शेवटी कळलं की जर्मनी बॉम्ब बनवत नाहीये, मग आपण कशाला, म्हणून सोडून निघाला. वर हेरगिरीचा संशयही आला. १९९५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, पण ते पन्नास वर्षांनी, आणि तेवढी वाट आपल्यातला कोण बघणार!

सगळंच डिफेन्सचं काम वाईट असं मी म्हणत नाही, युक्रेनमध्ये शहरावर येणारं मिसाइल पाडणारी यंत्रणाही कुठल्यातरी डिफेन्स कंपनीतच बनते ना. मला खटकतं ते एवढंच, की न मिळणाऱ्या नोकरीला नाही म्हणून आपण मोकळे होतो आणि हातातल्या कोडचं गिऱ्हाईक कोण हे मॅनेजरला विचारत नाही. हल्ली मी विचारतो, अगदी इंटरव्ह्यूतसुद्धा. उत्तर बहुतेकदा गोलमोल असतं.