मैदान देताना घालायची एक अट

सर्कशीचा खेळ सुरू व्हायला तासभर अवकाश होता आणि तंबूच्या मागे एक हत्तीण बांधलेली होती. पुढचा एक आणि मागचा एक पाय साखळीत अडकल्यामुळे तिला जेमतेम एक पाऊल पुढे आणि एक पाऊल मागे टाकता येत होते, आणि तेवढ्याच जागेत ती डोके डावीकडून उजवीकडे सारखी झुलवत होती. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी मुलाला "बघ, कशी नाचते आहे" असे सांगितले. मलाही घटकाभर तसेच वाटले. पण तिच्या घोट्यावरची कातडी साखळीने घासून गुळगुळीत आणि फिकट झाली होती, आणि ती नजरेस पडल्यावर मला तिकीट काढवले नाही. ते झुलणे म्हणजे बंदिवासात जडणारा विकार आहे आणि रानातल्या हत्तींमध्ये तो दिसत नाही, हे मला नंतर वाचनातून कळले.

सर्कशीत प्राणी नसावेत म्हणून आम्ही मोहीम हाती घेतली, पण आमची सुरुवात चुकली. आम्ही सहाजण फलक घेऊन दरवाजाशी उभे राहिलो आणि आत जाणाऱ्या कुटुंबांना जाब विचारू लागलो. मुलांचा हात धरून आलेल्या माणसाला क्रूर ठरवले की तो आपले ऐकून घेत नाही, हे दोन संध्याकाळींत ध्यानात आले. मग घोषणा बंद केल्या, एकाच पानाचे पत्रक काढले आणि येणाऱ्याला फक्त एवढेच विचारू लागलो, की ही हत्तीण दिवसाचे उरलेले तास कुठे काढत असेल. सह्या मिळू लागल्या त्या यानंतर.

तरीही नुसत्या सह्यांनी काही हलले नसते. सर्कशीला मैदान लागते, ते बहुधा सार्वजनिक मालकीचे असते आणि ते द्यायचे की नाही हे स्थानिक प्रशासन ठरवते, ही साधी गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. ब्रिटनमधील अनेक स्थानिक परिषदांनी देशव्यापी कायदा होण्याच्या कितीतरी आधी आपल्या जागांवर प्राण्यांचे खेळ करणाऱ्या सर्कशींना मनाई केली होती. इंग्लंडमध्ये सर्कशीत वन्य प्राणी वापरण्यास मनाई करणारा कायदा 2020च्या जानेवारीत लागू झाला. आम्ही मैदानाच्या परवानगीच्या अटींची प्रत मागवली. आग, कचरा, ध्वनिक्षेपक, वाहने यांच्याविषयी तीत सविस्तर कलमे होती, प्राण्यांविषयी एक ओळही नव्हती.

स्थानिक प्रशासनाकडे केलेला पहिला अर्ज "विषय अखत्यारीत येत नाही" एवढ्या शेऱ्यासह परत आला, आणि आज वाचताना तो शेरा मला रास्त वाटतो. आम्ही क्रूरता थांबवण्याची मागणी केली होती. क्रूरता सिद्ध करावी लागते, आणि ती घडते तंबूच्या आत, सरावाच्या वेळी, जिथे बाहेरच्याला प्रवेश नसतो. दुसऱ्या अर्जात आम्ही फक्त इतकेच मागितले, की मैदान भाड्याने देताना "खेळात प्राणी आणू नयेत" ही अट घालावी. जागेच्या मालकाला अट घालण्यासाठी कोणाचा गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. पोच घेणे, दर पंधरवड्याला चौकशी करणे, अधिकारी बदलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून समजावणे यात दीड वर्ष गेले.

शेवटी अर्ज प्रशासनाच्या सभेपुढे आला, आणि तिथे एका सदस्यांनी विचारलेला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: "हे प्राणी मग जाणार कुठे, आणि त्या माणसांच्या पोटाचे काय?" याचे उत्तर तयार नसेल तर सभेत जाऊच नये, असे मी आता प्रत्येक नव्या कार्यकर्त्याला सांगतो. बोलिव्हियाने 2009 मध्ये सर्कशीत सर्वच प्राण्यांवर बंदी घातली आणि 2011 मध्ये तिथले 25 सिंह विमानाने अमेरिकेतील कोलोरॅडोमधल्या आश्रयस्थानात हलवले गेले. डेन्मार्क सरकारने 2019 मध्ये देशातल्या सर्कशींमधील शेवटचे चार हत्ती 1 कोटी 10 लाख क्रोनर देऊन विकत घेतले. भारतात अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद करणारी 1998ची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये कायम केली. 2017 मध्ये बंद पडलेली अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स ही सर्कस 2023 मध्ये प्राण्यांशिवाय पुन्हा उभी राहिली. ही उदाहरणे मी सभेत मांडली. त्यांच्या जोडीला झुल्यावर काम करणाऱ्या एका कलावंताचे बोलणेही सांगितले, जे त्याने मला तंबूबाहेर ऐकवले होते: "आधी जनावरांचा चारा, मग आमचा पगार. लोक टाळ्या मात्र आम्हालाच जास्त देतात." माझ्या मते सभेचा कल बदलला तो या वाक्याने.

ठराव मंजूर झाला, पण अट फक्त वन्य प्राण्यांपुरती ठेवण्यात आली. घोडे, उंट आणि कुत्रे तिच्यातून सुटले आहेत. त्यांच्यासाठीचा अर्ज आम्ही मागच्या आठवड्यात दाखल केला असून त्याची पोच माझ्याकडे आहे.