डिस्क ४ टीबीची, पार्टिशन ४६५.७५ जीबीचं

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओची ४ टीबीची यूएसबी डिस्क. केसिंगचा पोर्ट तुटला, म्हणून कुणीतरी आतली साटा डिस्क बाहेर काढून थेट डेस्कटॉपला लावली. विंडोजने ती रॉ (फाइल सिस्टम न ओळखता आलेली) दाखवली आणि फॉरमॅट करायचं का, असं विचारलं. नशिबाने कुणी ‘हो’ म्हटलं नाही. मग एका दुकानात डीप स्कॅन झालं. निघालं काय, तर नाव-फोल्डर नसलेल्या जेपीजींचा ढीग, त्यात बारीक थंबनेलच जास्त. “दादा, पार्टिशन उडालंय, एवढंच निघणार,” हा निकाल ऐकून मालक माझ्याकडे आला.

स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य, पेंडिंग (संशयित जागा) शून्य. डिस्क ठणठणीत. मग डिस्क मॅनेजमेंटमधले आकडे बघितले : ४६५.७५ जीबी रॉ, १५८२.२५ अनअलोकेटेड (कुठल्याच पार्टिशनला न दिलेली जागा), १६७८.०२ अनअलोकेटेड. बेरीज ३७२६.०२, म्हणजे ४ टीबी बरोबर. त्या बेरजेला ८ने भागा, ४६५.७५ येतात. करप्ट झालेलं पार्टिशन असं नेमकं एक अष्टमांश होत नाही.

अशा काही यूएसबी केसिंगमधली ब्रिज चिप, म्हणजे साटा डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारी, कॉम्प्युटरला सांगते की माझा सेक्टर (डिस्क मोजायचा सर्वात लहान तुकडा) ४०९६ बाइटांचा. कारण जुनं आहे. एमबीआरमध्ये, म्हणजे पार्टिशनच्या जुन्या पद्धतीच्या टेबलात, सेक्टर मोजायला ३२ बिट मिळतात. ५१२च्या सेक्टरने हिशेब २ टीबीवर संपतो, ४०९६च्या सेक्टरने १६ टीबीपर्यंत जातो, आणि जीपीटी हे नवं टेबल न समजणाऱ्या विंडोज एक्सपीतही मोठी डिस्क चालते. ती चिप बाजूला केली की डिस्क पुन्हा ५१२ सांगू लागते. टेबलातले आकडे तेच राहतात, त्यांचं माप बदलतं : ५१२ म्हणजे ४०९६चा आठवा भाग. पार्टिशनची सुरुवात २५६व्या सेक्टरला लिहिलेली. ४०९६ने ती १ एमबीवर पडते, ५१२ने १२८ केबीवर. तिथे नुसती शून्यं.

खात्री करायला ५१२च्या मापाने १ एमबीवर येणारा २०४८वा सेक्टर हेक्समध्ये, म्हणजे कच्च्या बाइटांच्या रूपात, उघडला. एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम) ही अक्षरं समोर, आणि सेक्टरचा आकार लिहिलेल्या अकराव्या ऑफसेटला ०० १०, म्हणजे उलटं वाचून हेक्स १०००, म्हणजेच ४०९६. पार्टिशनचा हा पहिला, म्हणजे बूट सेक्टर स्वतःच सगळं सांगत होता.

तरीही मूळ डिस्कवर काम करायचं नाही. तिला रीड-ओन्ली केलं आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने ६ टीबीच्या डिस्कवर इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेतली. १५०च्या आसपास एमबी प्रति सेकंद धरले तरी सात-साडेसात तास जातात. मग लिनक्सवर लॉसेटअप, म्हणजे इमेजलाच डिस्क (लूप) म्हणून उभी करणारा आदेश : रीड-ओन्ली, सेक्टर साइज ४०९६, पार्टिशन स्कॅन चालू. लूपखाली पार्टिशन उभं राहिलं, रीड-ओन्ली माउंट केलं, आणि वर्षावार, नवरा-नवरीच्या नावांनिशी सगळे फोल्डर जागच्या जागी. टेस्टडिस्क या पार्टिशन शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्येही जिऑमेट्रीत जाऊन सेक्टर साइज बदलता येते, फक्त तिथे ‘राइट’ला हात लावायचा नाही.

रिकव्हरी हा शब्दही इथे लागू नाही, कारण काही हरवलंच नव्हतं. राग येतो तो त्या डीप स्कॅनचा. फाइलची नावं एमएफटीत, म्हणजे एनटीएफएसच्या फाइल-यादीत, असतात, आणि ४०९६च्या व्हॉल्यूमवर एमएफटीची नोंदही १०२४ऐवजी ४०९६ बाइटांची असते. ५१२ गृहीत धरणारं सॉफ्टवेअर तिथे अडखळतं आणि नुसत्या जेपीजीच्या सिग्नेचर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खुणा, वेचत बसतं. बटण दाबणाऱ्याने आधी आकारांची बेरीज केली असती तर? पण स्कॅनचे पैसे मिळतात, बेरजेचे कोण देतं!

हाच उपाय सगळीकडे चालत नाही. काही केसिंगची चिप डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते. तिथे २०४८व्या सेक्टरला एनटीएफएस दिसणार नाही, नुसता कचरा दिसेल, आणि मूळ बोर्डचा पोर्ट सोल्डर करणं भाग पडतं. म्हणून तुटलेल्या केसिंगचा बोर्ड डेटा हाती येईपर्यंत फेकायचा नाही. या मालकाने तो आधीच भंगारात दिला होता.

डेटा जीपीटीवाल्या नव्या डिस्कवर टाकून दिला. जुनी डिस्क सहा महिने तशीच ठेवायला सांगितलंय, ‘फॉरमॅट करू नका’ अशी चिठ्ठी चिकटवून.