फूटभराची झाली वीतभर

धनगरवाड्यावरून आणलेली काळी दख्खनी लोकर महिनाभर पोत्यात पडून होती. आज तिचा नमदा, म्हणजे न विणता लोकर चोळून-दाबून केलेलं जाड कापड, करायला मुहूर्त लागला. तीनदा धुतली तरी गोखरू निघतच होते! मग पिंजून आडवे-उभे चार थर लावले, वर कढत पाणी, साबण, आणि पाऊण तास नुसतं चोळणं. साबणपाण्यात लोकरीवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात, म्हणून ना सूत लागतं ना माग. घरभर ओल्या मेंढीचा वास. आई डोकावली, "कणीक मळायलीस का काय?"

आपली लोकर जाडीभरडी, घोंगडीला झकास, पण मेरिनो मेंढीच्या मऊ, बारीक लोकरीसारखी पटकन एकमेकींत धरत नाही. फूटभराचा तुकडा वीतभर झाला, वर मध्ये भोक. ठिगळ लावणार होते, तर आईनं तवा उतरवायला नेलासुद्धा.